एक ठिपका, एक चंद्रकोर

१

टेकण मोडलं नव्हतं. हे मी पहिल्या दिवसापासून ओरडून सांगितलं आणि खोऱ्यातल्या एका माणसानं मानलं नाही. बायका पाठीवरून हात फिरवायच्या. पुरुष चहाच्या वाटीत बघत बसायचे. नवरा गेलाय, बोलू दे तिला काय बोलायचं ते. असली दया माझ्या डोक्यात जाते. त्यापेक्षा तोंडावर खोटारडी म्हणा.

मी यान्जमा. बंदुकीची टेकणं करते. बापाला मुलगा नव्हता आणि मला प्राथमिक शाळेपुढं कुणी पाठवलं नाही, म्हणून पटाशी माझ्या हातात आली. शिकारी पोटावर पडला की नळी धरायला खाली दोन पाय लागतात, काम एवढंच. पण ते पाय बसवायला माणूस बघावा लागतो. मी गिऱ्हाइकाला गवतात पालथं पाडते, हनुवटी मुठीवर ठेवायला लावते आणि जमिनीपासून डोळ्यापर्यंतचं अंतर दोरीनं घेते. मान कुठं कलते, पोट किती सुटलंय, पाठ धरते का, सगळं त्या दोरीत येतं. बर्चच्या काठ्या हिवाळाभर धुराड्याजवळ वाळवते, कारण ओलं लाकूड ऐन वेळी वाकतं. वरच्या खाचेत लोकरीचा जाड नमदा शिवते, म्हणजे लोखंड लाकडावर वाजत नाही. पायांना हरणाच्या शिंगाची टोकं बसवते. एकदा मी तीन पायांचं करून बघितलं होतं. तर माझ्या नवऱ्याचा शिकारीतला जोडीदार दाम्दिन म्हणाला, "वहिनी, याच्यावर बंदूक ठेवायची का चहाचं पातेलं?" सगळे हसले. मीसुद्धा हसले. ते टेकण जड झालं होतं, खरंच.

तोगमिद माझा नवरा. घोड्यावरून पडून त्याचा डावा खांदा वाकडा जुळला होता. म्हणून त्याच्या टेकणाचा डावा पाय मी आखूड केला आणि त्याचं टोक तिरकं कापलं. मातीत उजव्या पायाचा ठिपका उठायचा आणि डाव्याची चंद्रकोर. असं टेकण साऱ्या खोऱ्यात एकच होतं.

गेल्या शरदात तो दाम्दिनबरोबर मार्मोटच्या शिकारीला गेला आणि ट्रकमध्ये आडवा होऊन परत आला. दाम्दिन रडत सांगत होता, टेकणाचा पाय मोडला, बंदूक घसरली, गोळी सुटली ती त्यालाच लागली. म्हणजे काय, तर माझ्याच हातच्या कामानं मेला. रडणाऱ्या पुरुषावर लोक पटकन विश्वास ठेवतात. मी म्हटलं, "मोडकं टेकण दाखव." तर म्हणाला, "वहिनी, बघवेना, चुलीत घातलं."

त्यानंतर माझ्याकडं एकही शिकारी आला नाही. लोक आपली जुनी टेकणं तारेनं बांधून वापरायला लागले. माझ्या गेरजवळ, म्हणजे या नमद्याच्या गोल तंबूजवळ, आले की घोडा दुसरीकडं वळवायचे. नवरा मारलेल्या बाईच्या हातचं कोण घेणार?

२

उन्हाळी तळावर आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी पोरगी चिमगे. लग्नाच्या वयाची, जिभेला धार माझ्यासारखी, हसणं बापासारखं. बाप गेल्यापासून हसणं बंद होतं, पण धार होती.

त्या दिवशी मी गेरच्या छपरावर दह्याच्या वड्या वाळत घालत होते. समोरच्या उतारावर मार्मोटची बिळंच बिळं. उन्हाळ्यात त्यांच्या शिट्ट्यांनी कान किटतात. गरुड दिसला, शिट्टी. कुत्रा शिंकला, शिट्टी. त्या दिवशी एकही नव्हती. मी वड्या घालत होते आणि काहीतरी चुकतंय एवढंच कळत होतं, घरातलं घड्याळ बंद पडल्यावर कळतं तसं.

"आई," चिमगे खालून म्हणाली, "तिकडं कुणीतरी नाचतंय."

आमच्याकडं मार्मोटची शिकार नाचून करतात. हा प्राणी लठ्ठ, भित्रा आणि अतोनात चौकस. चोरून गेलात तर लगेच बिळात. पण पांढरे कपडे घालून, सशाच्या कानांची टोपी चढवून, हातातली चवरी हलवत, डुलत डुलत गेलात, तर तो मागच्या पायांवर उभा राहतो आणि बघत राहतो. हे काय आहे ते कळल्याशिवाय त्याला बिळात जाववत नाही. तो बघत असेपर्यंत माणूस जवळ येतो. मग पोटावर पडतो, टेकण टेकवतो. मार्मोटला शेवटपर्यंत कळत नाही ते काय होतं.

मी डोळ्यांवर हात धरला. लांब, उताराच्या माथ्याजवळ एक पांढरं काहीतरी होतं. डावीकडं झुकायचं, उजवीकडं झुकायचं. वर दोन कान.

"सरकारची बंदी असताना कोण मेला उन्हाळ्यात शिकार करतोय?" मी म्हटलं.

"शिकार करतोय तर मार्मोट कुठायत?"

खरंच, उतारावर एकही मार्मोट उभा नव्हता. तो ज्यांच्यासाठी नाचत होता ते त्या उतारावर नव्हतेच. त्याचं तोंड आमच्या बाजूला होतं.

ऊन तापलं की खोऱ्यात हवा थरथरते. दगड मेंढीसारखा दिसतो, मेंढी उंटासारखी. मी पोरीला तसं सांगितलं आणि वड्या घालत राहिले. पुन्हा वर बघितलं तेव्हा काही नव्हतं.

३

दोन-तीन दिवसांनी पाऊस शिंतडून गेला. मी गोवऱ्या झाकायला गेले तर ओढ्याच्या पलीकडं, ओल्या मातीत, खुणा.

एक ठिपका, एक चंद्रकोर.

मी खाली बसले. बोट घालून बघितलं. चंद्रकोरीच्या कडेला एक बारीक रेघ होती. शिंग कापताना पटाशी निसटली होती माझी, तिची रेघ. तोगमिद म्हणाला होता, "राहू दे, तुझी सही समज." खुणांच्या मागं गवत दबलेलं होतं, माणूस पालथा पडल्यावर दबतं तसं. आणि दोन खुणांच्या मधून सरळ बघितलं तर समोर आमच्या गेरचं दार.

खरं सांगते, मला आधी भीती वाटली नाही. आनंद झाला. टेकण शाबूत आहे! मोडलं नाही, जळलं नाही, शाबूत आहे. मग डोकं चालायला लागलं. शाबूत आहे म्हणजे कुणाकडं तरी आहे. कुणाकडं? जो म्हणाला चुलीत घातलं त्याच्याकडं. दाम्दिनला आमचा हा तळ हवा होता, इथलं गवत चांगलं, पाणी जवळ. दोन बायकांना हुसकवायला एवढं नाटक पुरे. मेल्या माणसाचे कपडे घालतो, कान लावतो आणि नाचतो! माझ्या अंगाची आग झाली. बरं वाटलं. कारण राग आला की भीतीला बसायला जागा उरत नाही.

फक्त एक गोष्ट त्या हिशेबात बसत नव्हती. दाम्दिन चांगला आडव्या अंगाचा माणूस. आणि ते दबलेलं गवत अंगानं बारीक होतं, डावा खांदा आत ओढलेला.

४

तो रोज येऊ लागला. दुपारी, लख्ख उजेडात. मी एक गोष्ट ताडली. आपण बघत नसलो की तो पुढं सरकत नाही. मी पाठ करून दूध काढायचे, कडेनं नजर टाकायचे, तर जिथल्या तिथं डुलत असायचा. पण ज्या दिवशी चिमगे दारात उभी असायची, त्या दिवशी संध्याकाळी खुणा अलीकडं सापडायच्या. आधी ओढ्यापलीकडं, मग ओढ्यात, मग ओढ्याच्या या बाजूला.

कुत्रा भुंकत नव्हता. पोट जमिनीला लावून गाडीखाली पडून राहायचा.

"आत ये," मी म्हणायचे.

"थांब ना."

"काय बघतेस?"

"कळत नाहीये. म्हणून तर बघतेय."

हे ऐकून मी हातातली चरवी खाली ठेवली. पोरगी दारात ताठ उभी होती, हात छातीशी दुमडून खाली सोडलेले, मान वर. डोळ्यांची पापणी लवत नव्हती. असं उभं राहिलेलं मी हजार वेळा बघितलंय. माणसाला नाही बघितलं.

मी तिला दंडाला धरून आत खेचलं. दार लावलं, दोरीनं आवळलं.

"दिवसाउजेडी कोंडतेस?" ती ओरडली. "बाबा आहेत ते! तुला दिसत नाही का, डावा खांदा बघ!"

"तुझा बाप पुरलाय. मी माती टाकलीय."

"मग तू का थरथरतेस?"

"सापडला ना तो दाम्दिन, त्याची तंगडी मोडणार आहे, म्हणून थरथरतेय."

दार लावलं तरी गेरला कान असतात. नमद्यातून गवताचा आवाज येतो, वाऱ्याचा येतो. त्या दुपारी कापड फडफडल्याचा आवाज येत होता. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. चिमगे बिछान्यावर बसून त्या आवाजाबरोबर मान हलवत होती. तिला ते माहीत नव्हतं. मी तिच्या कानांवर हात ठेवले तर माझ्या हातांसकट मान हलत राहिली.

तेव्हा ठरवलं. इथून उठायचं. गेर, मेंढ्या, पोरगी, सगळं उचलून डोंगरापलीकडं जायचं. त्याला ट्रक लागतो, आणि ट्रक खोऱ्यात एकच, दाम्दिनचा. नाटक करणारा तोच असेल तर बरंच, तंगडी मोडता येईल. नसेल तर ट्रक मिळेल. मी चिमगेला शपथ घातली, दाराची दोरी बाहेरून बांधली आणि घोड्यावर बसले.

५

दाम्दिन गेरबाहेर ट्रकखाली आडवा पडला होता, पाय तेवढे दिसत होते. मी एका पायावर लाथ घातली.

"अगं आई गं! कोण आहे?"

"बाहेर ये. नाचून दमला असशील."

तो बाहेर आला. ऑइलनं काळा, पोट घामानं भिजलेलं. त्याच्या बायकोनं चहाची किटली हातातच धरली. "सकाळपासून गाडीखाली आहेत हो," ती म्हणाली, "गिअर अडकलाय. काय झालं, यान्जमा?"

मी सांगितलं काय झालं ते. पांढरे कपडे, कान, खुणा. बायकोनं मला दया दाखवायला तोंड उघडलं आणि नवऱ्याकडं बघून मिटलं. कारण दाम्दिनचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"चंद्रकोर?" त्यानं विचारलं.

"आणि ठिपका. तू जाळलंस म्हणाला होतास ना? शिंग जळलं तर तीन गेरपलीकडं घाण येते. मला कशी आली नाही रे?"

त्यानं हात फडक्याला पुसले, पुसतच राहिला. मग म्हणाला, "चल वहिनी. तुझ्या तळावर जाऊ. मला बघू दे." ट्रक सुरू होत नव्हता म्हणून घोड्यावर निघाला. वाटेत मी काय काय बोलले ते सांगत नाही. त्यानं एका शब्दाला उत्तर दिलं नाही. त्यामुळंच मला पहिल्यांदा वाटलं की समोरच्या उतारावर हा नव्हता.

६

चिमगे चुलीशी उभी होती, हंड्यातलं दूध पळीनं वर काढून खाली सोडत होती. छपराच्या मधल्या गोल भोकातून ऊन तिच्या अंगावर पडलं होतं. "या काका," ती म्हणाली, अगदी नेहमीसारखी. दाम्दिन पुरुषांच्या बाजूला बसला. मी दार उघडंच ठेवलं. म्हटलं, बघायचंय ना, मग बघ.

चहा दिला. त्यानं वाटी दोन्ही हातांनी घेतली आणि तशीच खाली ठेवली.

"मोडलं नव्हतं," तो म्हणाला.

इतके महिने ज्या शब्दांची वाट बघितली ते असे पुटपुटून आले.

"एकाच मार्मोटवर नाचत होतो आम्ही, वहिनी. तो त्या अंगानं, मी या अंगानं. एका डोंगरावर दोघांनी जायचं नसतं, तो म्हणालाही होता, तू खाली थांब. पण मला मोठा दिसला, लठ्ठ. मी वळसा घालून गेलो. मार्मोट उभा राहिला. मी पडलो, टेकवलं. गोळी मार्मोटच्या कानाजवळून गेली." त्यानं वाटी बाजूला सरकवली. "पलीकडं तोगमिद टेकण लावून पडला होता."

"पलीकडं काय आहे ते बघत नाहीत?"

"त्या वेळी डोळ्यात जनावर असतं फक्त. दुसरं काही दिसत नाही गं. देवाशपथ दिसत नाही."

"टेकण कुठाय?"

"त्याच्याजवळच. कापडात गुंडाळताना अंगाखाली सरकवलं. तू बघितलं असतंस तर तुला कळलं असतं. अख्खं होतं. ओरखडासुद्धा नव्हता."

मला रडू यायला हवं होतं. मला त्याच्या तोंडावर चहा फेकायचा होता. हात वाटीकडं गेलाही. तेवढ्यात दुधाचा आवाज थांबला. चिमगेनं पळी वर धरली होती, त्यातून दूध थेंब थेंब पडत होतं.

"आई," ती हळूच म्हणाली, "बाबा अंगणात आलेत."

दाम्दिन उठला. त्याला उठायचं नव्हतं, त्याचे हात बिछान्याची कड धरून होते. पण तो उठला, दाराशी गेला आणि चौकटीत उभा राहिला. एवढा मोठा माणूस, हात छातीशी आले आणि मनगटं लोंबकळली. मान वर झाली.

मी त्याच्या काखेजवळून बाहेर बघितलं. मेंढ्या बांधायच्या दोरीपाशी पांढरं काहीतरी खाली बसत होतं. वाऱ्यावर टाकलेला कपडा अलगद खाली यावा तसं. आत किती अंग होतं, होतं का, सांगू शकत नाही. कान आधी खाली गेले. मग शिंगाची टोकं खड्यांमध्ये बसल्याचा आवाज आला, एक आणि दुसरा. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. दोन पायांच्या वर काठीसारखं काहीतरी असायला हवं होतं. ते मला दिसलं नाही. नळी सरळ आपल्याकडं असली की लांबी दिसत नाही. एक काळा ठिपका दिसतो.

दाम्दिन शिकारी. मार्मोटला कळत नाही ते त्याला कळलं. तो एकदम उंबऱ्यावर बसला, डोकं दोन्ही हातांत घालून.

बार ऐकू आला नाही. माझ्या मागं पळी पडली.

७

तालुक्याच्या डॉक्टरनं चिमगेचं हृदय थांबलं असं लिहिलं. अंगावर जखम नव्हती. छातीच्या हाडाखाली एक निळा ठिपका होता, बोट टेकवल्याएवढा. तो म्हणाला, पडताना हंड्याची कड लागली असेल. हंडा तिच्या डाव्या हाताला होता. मी सांगितलं. त्यानं मान हलवली.

दाम्दिननं सगळ्यांसमोर सगळं कबूल केलं. पोलीस त्याला घेऊन गेले. मग लोक आले. म्हातारे पुढं, बायका मागं, हातात दुधाच्या वाट्या, मान द्यायची निळी वस्त्रं. "यान्जमा, तू खरं बोलत होतीस. टेकण चांगलं होतं." एक जण लाजत म्हणाला की पुढच्या वेळी मी माझं माप द्यायला येईन. मला हसू आलं. पोरगी पुरून हात धुतले नव्हते, आणि हा पालथा पडायला निघाला!

सगळे म्हणतात, दाम्दिननं दोन माणसं खाल्ली. आधी बाप मारला, मग घरात बसून असलं काही बोलला की पोरीचं काळीज फाटलं. त्याची बायको तोंड लपवून फिरते. लोक मला सांगतात, शाप दे त्याला, मोकळी हो.

मी त्या दिवशी सगळे पांगल्यावर मेंढ्यांच्या दोरीपाशी गेले होते. ठिपका होता. चंद्रकोर होती. मागं गवत दबलेलं होतं, डावा खांदा आत. मी त्या जागेत पालथी पडले. आयुष्यभर दुसऱ्यांना पाडलं, स्वतः कधी पडले नव्हते. मूठ खुणांच्या मागं ठेवली, मुठीवर हनुवटी. उंची बरोबर आली, दोन बोटं इकडंतिकडं. आणि बघितलं.

दार दिसलं, सताड उघडं. उंबरा दिसला, तिथं दाम्दिन बसला ती जागा. त्याच्या डोक्यावरून आत चूल दिसली, हंडा दिसला. छपरातून उतरणारं ऊन दिसलं, आणि त्या उन्हात बरोबर ती जागा जिथं माझी पोरगी उभी होती. तिची वेणी दिसली असती तिथून. पळीतून पडणारा थेंब दिसला असता. इतक्या जवळून आंधळासुद्धा चुकला नसता. डोळ्यात फक्त जनावर असतं म्हणे! मी पडून राहिले, ऊन कलेपर्यंत. एकदासुद्धा मला ती जागा दिसेनाशी झाली नाही.

हे मी सांगते तेव्हा बायका पुन्हा पाठीवरून हात फिरवायला लागतात. पुरुष वाटीत बघतात. टेकणाचं पटलं त्यांना, हे पटत नाही. बापानं कसं काय, म्हणतात. बाप होता तो. त्याला सूड घ्यायचा होता तर दाम्दिन उंबऱ्यावर बसला होता, दोन हातांत डोकं घालून, जरा नळी खाली केली की झालं. नाही केली. मी त्याच्यासाठी पाय कापले, शिंग घासलं, त्याच्या वाकड्या खांद्याला एक टेकण बसवलं की त्याचा नेम कधी हलू नये. हललाही नाही.

दाम्दिनचं नाव घेणाऱ्यांना घेऊ दे. मी ते नाव घेत नाही. कुणी विचारलंच, तुझी पोरगी कुणी मारली, तर मी एकच नाव सांगते, आणि मरेपर्यंत तेच सांगेन.

तोगमिद.